परसातील यंत्रशाळा

बर्मिंगहॅम शहराच्या शेजारी हँड्सवर्थ येथे हीथफील्ड नावाचे एक घर होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या घराच्या माळ्यावरील एका लहानशा खोलीत एक वृद्ध गृहस्थ तासन् तास एकटेच काम करीत बसत. खोलीत एक लेथ होता, एक शेगडी होती, आणि खणाखणांतून शेकडो हत्यारे मांडून ठेवलेली होती. शिवाय तेथे दोन मोठी विलक्षण यंत्रे होती. त्यांतील एक पुतळ्याची त्याच आकाराची नक्कल काढी, दुसरे लहान आकाराची. ही यंत्रे बाजारात विकावयाची नव्हती आणि त्यांची कोणी मागणीही केलेली नव्हती. ते गृहस्थ ती केवळ आवडीखातर सुधारीत होते. त्यांचे नाव जेम्स वॅट. बोल्टन यांच्याशी असलेली भागीदारी १८०० साली संपली, तेव्हा वॅट यांच्यापाशी पैसा होता, कीर्ती होती, विश्रांतीचा हक्कही होता. तरीही त्यांचे मन रमले ते माळ्यावरच्या लेथपाशी. १८१९ साली त्यांचे निधन झाले आणि ती खोली बंद झाली. शतकभर ती बहुतेक तशीच राहिली. अखेर १९२४ साली आठ हजारांहून अधिक वस्तूंसह ती उचलून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये नेण्यात आली.

श्रोतेहो, यंत्रयुगाचा इतिहास आपण वाचतो तो गिरण्यांचा, आगगाड्यांचा आणि पोलादाच्या भट्ट्यांचा. त्या इतिहासाच्या आडोशाला आणखी एक लहानसा इतिहास आहे. तो घराच्या माळ्यावर, परसातल्या खोपटात, कधी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातही घडला. दिवसाची नोकरी आटोपून, जेवण उरकून, रोज तास-दोन तास धातूशी झगडणाऱ्या हौशी माणसांनी तो घडविला. पूर्ण चालणारी, पण आकाराने लहान यंत्रे स्वतःच्या हातांनी करावयाची, हा त्यांचा छंद. या छंदाला खेळ म्हणून हसणारे पुष्कळ भेटतात. पण रोजच्या थोड्याथोडक्या कामातून आणि त्या कामाच्या प्रामाणिक हकिगतीतून ज्ञान कसे वाढते, हे या माणसांकडून जितके स्वच्छ कळते तितके क्वचितच कोठे कळेल.

लहान यंत्राला खेळणे म्हणून हसणाऱ्याने आधी वॅट यांचेच तारुण्य आठवावे. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ते ग्लासगोच्या विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करण्याचे काम करीत होते. न्यूकोमेन यांच्या वाफेच्या पंपाची एक प्रतिकृती वर्गात दाखविण्यासाठी तेथे ठेवलेली होती. ती चालत नाही म्हणून दुरुस्तीसाठी वॅट यांच्याकडे आली. तिचे सिलिंडर अवघे दोन इंच व्यासाचे आणि दट्ट्याची चाल सहा इंचांची. वॅट यांनी ती दुरुस्त केली, तरी चारदोन फेरे होताच ती थांबे. बॉयलर पुरेशी वाफ देईना. खाणीवरचे मोठे यंत्र चालते, मग त्याच घडणीचे लहान यंत्र का चालू नये? कारण असे की, आकार लहान केला म्हणजे आतील जागा जितकी कमी होते तितका भिंतींचा पृष्ठभाग कमी होत नाही. लहान सिलिंडरच्या थंड भिंतींना लागून वाफेचा फार मोठा भाग वाया जातो. मोठ्या यंत्रातही हाच अपव्यय होत होता, पण खाणीच्या तोंडाशी कोळसा मुबलक असल्याने तो कोणाला जाचत नव्हता. छोट्या यंत्राने तो चव्हाट्यावर आणला. त्या विचारातून १७६५ साली वॅट यांना सुचले की, वाफ सिलिंडरमध्ये थंड न करता वेगळ्या पात्रात नेऊन थंड करावी. १७६९ साली त्यांनी पेटंट घेतले. वर्गातल्या एका खेळण्याने हट्ट धरला, आणि त्या हट्टापायी वाफेच्या यंत्राचे रूप पालटले.

वॅट यांच्या पश्चात बराच काळ घरगुती लेथ ही धनिकांची चैन होती. लंडनमध्ये होल्टझाप्फेल घराण्याचे लेथ प्रसिद्ध होते. हस्तिदंत आणि कठीण लाकूड यांवर नाजूक नक्षी उतरविण्यासाठी उमराव मंडळी ते विकत घेत. त्याच घराण्यातील चार्ल्स होल्टझाप्फेल यांनी १८४३ पासून कातकामावर आणि हत्यारांवर एक विस्तृत ग्रंथमाला लिहावयास घेतली. हत्यार कसे धरावे आणि त्याला धार कोणत्या कोनात लावावी, असल्या गोष्टी ग्रंथात मांडण्याच्या योग्यतेच्या आहेत, हे तिने दाखवून दिले. मात्र हे लेथ आणि हे ग्रंथ कारकुनाच्या किंवा कारागिराच्या आवाक्यातले नव्हते.

ही वाट सामान्य माणसाला मोकळी झाली ती १८९८ साली. त्या वर्षाच्या जानेवारीत पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनहून ‘मॉडेल इंजिनिअर अँड अमॅच्युअर इलेक्ट्रिशियन’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये हौशी यंत्रकारांची संस्थाही स्थापन झाली. तोवर हा छंद करणारा मनुष्य एकांडा होता. शेजारच्या गल्लीत आपल्यासारखाच कोणी दिव्याच्या उजेडात कानस चालवीत बसला आहे, याची त्याला गंधवार्ताही नसे. नियतकालिकाने त्यांची ओळख करून दिली. लोक आपापल्या कामाची हकिगत लिहून पाठवू लागले, नकाशे पाठवू लागले, शंका विचारू लागले. वाचकच लेखक झाला. १९०७ साली या नियतकालिकाने आपले पहिले प्रदर्शन भरविले, आणि एकेकाच्या खोपटात तयार झालेली यंत्रे हजारो डोळ्यांपुढे आली. स्वस्त लेथही याच काळात मिळू लागले. गिल्डफर्डच्या ड्रमंड बंधूंचे पायाने चालवावयाचे लेथ कित्येक घरांत पोचले. दिवसा जमाखर्च लिहिणारा मनुष्य रात्री पायाखाली पट्टी हलवीत पितळ कातू लागला.

असल्या एका रात्रीत नेमके काय पदरात पडत असेल? बाहेरच्या माणसाला वाटेल, काहीच नाही. कल्पना करा, वाफेच्या इंजिनासाठी ओतलेले कांशाचे एक सिलिंडर समोर आहे. ते खडबडीत आहे, त्याची एकही बाजू सरळ नाही. पहिली रात्र जाते ती कोणत्या बाजूला आधार मानावयाचे हे ठरविण्यात. दुसऱ्या रात्री ती एक बाजू सपाट होते. तिसऱ्या रात्री तीवर निळा रंग लावून बारीक टोचणीने रेघा आखल्या जातात. चौथ्या रात्री ते सिलिंडर लेथवर बसवून बरोबर मध्यावर आणावयाचे, आणि एवढ्यातच दोन तास सरतात. मग आतील भोक कातावयाचे. शेवटचा हात इंचाच्या एकदोन हजारांशाचा. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी दोनतीन हजारांश इंच भरते, यावरून तो हात किती हलका असेल ते ध्यानी यावे. हा शेवटचा हात चालू असताना लेथ थांबवावयाचा नाही. थांबविला तर त्या ठिकाणी आत एक वळे उमटते, आणि दट्ट्या पुढे वर्षानुवर्षे त्याच जागी कुरकुरतो. एवढे सगळे यथासांग झाले, तर आठवड्याच्या अखेरीस माणसाच्या हाती एक भोक येते. घरच्या मंडळींना दाखविले तर ती म्हणणार, “आठवडाभर एवढेच?”

या ‘एवढेच’ मध्ये या छंदाचे सगळे शिक्षण आहे. कारखान्यात मुकादम असतो, तपासनीस असतो, मोबदला असतो. येथे यांतले काहीच नाही. काम बिघडले तर ते लपवावयाचे कोणापासून? स्वतःपासून लपविता येत नाही, आणि यंत्रापासून तर मुळीच नाही. चित्र वाईट निघाले तरी भिंतीवर टांगता येते. यंत्र वाईट निघाले तर ते चालत नाही, आणि त्याची बाजू मांडावयास कितीही वक्तृत्व खर्ची घातले तरी चालत नाही.

बॉयलरचे काम तर याहूनही कठीण. ते तांब्याचे करावयाचे. पत्रा लाल होईतो तापवून पाण्यात टाकला की मऊ पडतो. मग त्याला साच्यावर ठेवून कडा ठोकावयाच्या. थोडे ठोके बसताच तो पुन्हा ताठर होतो, की पुन्हा भट्टीत. पुण्याच्या तांबट आळीतून जो कोणी कधी गेला असेल त्याला तांब्याचा हा स्वभाव परका वाटणार नाही. आपले तांबट घागरीला ठोक्यांनी कणखरपणा आणतात तो याच गुणामुळे. पुढे सांधे चांदीच्या डाखाने जोडावयाचे. त्यासाठी सोनारापाशी असतो तोच टाकणखार लावावयाचा, आणि सगळे बॉयलर एकदम सारखे तापवावयाचे. तपमान कमी पडले तर डाख वाहत नाही, जास्त झाले तर आधी केलेला सांधा सुटतो. सौम्य गंधकाम्लात धुऊन ते बाहेर निघाले म्हणजे परीक्षा. बॉयलरमध्ये पाणी काठोकाठ भरून, चालत्या दाबाच्या दुप्पट दाब त्यावर द्यावयाचा. ही परीक्षा वाफेने न घेता पाण्याने घेण्यातही शहाणपण आहे. पाणी दाबले तरी फारसे आकसत नाही, त्यामुळे सांधा फुटला तर थोडे पाणी गळून दाब लगेच उतरतो. वाफ मात्र दाबून धरलेली स्प्रिंगच, ती सुटली की घात करते. ज्याने महिनेच्या महिने राबून बॉयलर केले, त्यानेच ते फोडून पाहण्याच्या बेताने दाब चढवीत जावयाचे. प्रामाणिकपणाची याहून स्पष्ट कसोटी कोणती असू शकेल?

या कसोटीवर एकदा एक मोठा वादही निकालात निघाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात रुळांवरची बहुतेक छोटी इंजिने स्पिरिटच्या दिव्यावर चालत. इतक्या लहान भट्टीत दगडी कोळसा नीट जळणार नाही, आणि असले इंजिन माणसाला ओढणार नाही, अशी जाणत्यांचीही समजूत होती. १९२२ साली एका माणसाने या समजुतीला हरकत घेतली. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत नोकरी केलेला हा मनुष्य त्या रेल्वेच्याच आद्याक्षरांनी ‘एल. बी. एस. सी.’ म्हणून लिहीत असे. मित्रमंडळींत तो कर्ली लॉरेन्स. त्याने अडीच इंची रुळांवर चालणारे ‘आयेशा’ नावाचे इंजिन बांधले होते, खऱ्या आगगाडीच्या इंजिनासारखे बॉयलर असलेले आणि कोळशावर चालणारे. नियतकालिकात पत्रापत्री झाली, शब्दांना धार चढली, आणि या प्रकरणाला ‘बॉयलरांची लढाई’ असे नाव पडले. प्रतिपक्षात बॅसेट-लोक ही नामांकित कंपनी होती. तिने ‘चॅलेंजर’ नावाचे इंजिन पुढे केले. १९२४ साली मॉडेल इंजिनिअर प्रदर्शनात दोन्ही इंजिनांची चाचणी झाली. आयेशाने जिवंत माणसे ओढून दाखविली, आणि कोळशाचे छोटे इंजिन ही कविकल्पना नव्हे हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. योगायोग असा, की वॅट यांची माळ्यावरची खोली लंडनला आली तीही याच वर्षी.

लॉरेन्स यांच्या यशाचे मर्म वॅट यांना सापडलेल्या मर्माचेच भावंड होते. साडेतीन इंची रुळांवरचे इंजिन मूळ इंजिनाच्या सोळाव्या हिश्श्याचे असते. लांबी सोळावा हिस्सा झाली की पृष्ठभाग २५६ वा हिस्सा होतो आणि वजन ४०९६ वा. शंभर टनांच्या इंजिनाचे हुबेहूब रूप केले तर ते पंचवीस किलोच्या आतबाहेर भरेल. पण आग, पाणी आणि वाफ यांना हा हिशेब मान्य नाही. बॉयलरमधील धुराच्या नळ्या सोळाव्या हिश्श्याने बारीक केल्या तर त्यांतून ज्वाळा पुढे सरकतच नाहीत. म्हणून नळ्या थोड्या, पण प्रमाणाने रुंद ठेवावयाच्या. निसर्गाला सोळावा हिस्सा करता येत नाही, हे लॉरेन्स पुनःपुन्हा सांगत. बाहेरचे रूप मूळ यंत्राचे घ्यावे, आतील रचना मात्र त्या आकाराला निसर्ग जे नियम लावतो त्यांना धरून करावी, हा त्यांचा उपदेश. हे सत्य सूत्रातून समजते खरे, पण ते अंगी मुरते विझलेल्या भट्टीपुढे बसून.

पुढे लॉरेन्स यांनी आणखी मोठे काम केले. इंजिन कसे करावे हे त्यांनी आठवड्या-आठवड्याने, एकेक भाग घेऊन, घरच्या माणसाशी बोलावे तसे लिहिले. या आठवड्यात चौकट, पुढच्या आठवड्यात आस आणि चाके, नंतर पंप. वाचकाने तेवढाच भाग करावयाचा आणि पुढील अंकाची वाट पाहावयाची. साडेतीन इंची रुळांवरचे ‘टिच’ हे चिमुकले इंजिन तर नवशिक्यांसाठीच होते. यंत्रशाळेचे तोंडही न पाहिलेल्या असंख्य माणसांनी अशा लेखमालांच्या आधाराने इंजिने उभी केली. मधला खंड वगळला तर १९६७ साली मृत्यू येईपर्यंत त्यांची लेखणी थांबली नाही. त्याच नियतकालिकात एडगर वेस्टबरी हे घरच्या घरी करता येण्याजोग्या छोट्या पेट्रोल इंजिनांवर लिहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन गावी मायफोर्ड कंपनीने ‘एम. एल. ७’ नावाचा लेथ काढला. घरगुती यंत्रशाळेत हा लेथ असणे ही दोनतीन पिढ्यांची आकांक्षा होऊन बसली.

इंजिन पुरे होण्याआधी एक दिवस येतो. बॉयलर अजून बसविलेले नसते. सिलिंडरला पंपाने दाबलेली हवा जोडावयाची आणि चाके हलतात का ते पाहावयाचे. पुष्कळदा ती हलत नाहीत. झडप एक अंश इकडे, पॅकिंग जरासे घट्ट. मग सोडवा, पुन्हा बसवा. आणि एका रात्री, काही विशेष केले नाही असे वाटत असताना, चाक अडखळते, थबकते आणि फिरू लागते. बहुतेक दिवशी एक तास धरला तर वर्षाचे सुमारे तीनशे तास होतात. हजार तासांच्या कामाला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. तीन वर्षांच्या त्या रात्रींचा हिशेब त्या एका क्षणी चुकता होतो. म्हणूनच या मंडळींच्या गाठीभेटीत ‘इंजिन झाले का?’ असे कोणी विचारीत नाही. ‘सध्या काय चालले आहे?’ असे विचारतात. एक म्हणतो, “एक टॅप मोडून भोकातच अडकला आहे.” दुसरा सांगतो, “माझाही मोडला होता, तो मी असा काढला.” स्वतःची चूक चारचौघांत सांगावयास जो लाजत नाही त्याच्याभोवती ज्ञान गोळा होते, आणि गुपित म्हणून जपलेली युक्ती तिच्या धन्याबरोबरच संपते.

ही साधना पुरुषांपुरतीच राहिली असेही नाही. चेरी हिल या इंग्रज बाईंनी सोळाव्या हिश्श्याच्या प्रमाणात जुन्या वाफेच्या शेतकी यंत्रांच्या प्रतिकृती केल्या. मूळ यंत्रे बहुधा उरलेली नव्हती. जुने नकाशे आणि जुनी वर्णने शोधून, एकेका यंत्रावर हजारो तास खर्चून त्यांनी ती पुन्हा चालती केली. ड्यूक ऑफ एडिंबरा यांच्या नावाचा या क्षेत्रातील मानाचा करंडक त्यांना नऊ वेळा मिळाला, आणि २००० साली ‘एम. बी. ई.’ हा किताबही. लंडनच्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेला त्यांनी आपली यंत्रे दिली. कागदावर विझून गेलेले यंत्र एका बाईच्या चिकाटीमुळे पुन्हा फिरू लागते, याला केवळ करमणूक म्हणावे काय? हे इतिहासाचेच संशोधन आहे. फरक इतकाच, की ते लेखणीऐवजी कानशीने केलेले आहे.

आपल्याकडे या परंपरेची ओळख उशिरा झाली, पण झाली. पुण्यास कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून छोट्या रेल्वेचे एक संग्रहालय उभे राहिले. १९९८ पासून ते लोकांना पाहावयास मिळू लागले, आणि तेथे मुलांचे हात धरून येणारी वडील मंडळीच अधिक वेळ रेंगाळतात. आपल्या समाजात हाताने काम करणारा एक आणि पुस्तक वाचणारा दुसरा, अशी वाटणी फार जुनी आहे. तांबटाचे ज्ञान तांबटाच्या हातात राहिले, ते ग्रंथात आले नाही. शिकलेल्याचे ज्ञान ग्रंथात राहिले, ते हातात उतरले नाही. परसातल्या यंत्रशाळेत ही वाटणी टिकत नाही. तेथे एकच माणूस नकाशा काढतो, गणित करतो, धातू कापतो आणि आपण कोठे चुकलो हे लिहूनही ठेवतो.

काळ बदलतो. बीस्टनचा मायफोर्डचा कारखाना २०११ मध्ये बंद झाला. आता संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे घरातही येतात आणि सुटा भाग काही मिनिटांत छापूनही मिळतो. त्यात विषाद मानण्याचे कारण नाही. वॅट यांच्या खोलीतील नक्कल काढणारे यंत्र तरी दुसरे काय करू पाहत होते? मात्र हत्यार कोणतेही असो, धातू सैल बसला की घट्ट, दाब टिकला की उतरला, हे शेवटी कोणीतरी स्वतः पाहावे लागते, आणि जसे दिसले तसे दुसऱ्याला सांगावे लागते. हे पाहणारे आणि सांगणारे जोवर आहेत तोवर ती विद्या जिवंत आहे.

श्रोतेहो, आज रात्री आपल्यापैकी कोणाच्या घरी गॅलरीच्या कोपऱ्यात एखादे अर्धवट काम पडले असेल. एखादे बिघडलेले घड्याळ असेल, एखादी न चालणारी मोटर असेल, किंवा मुलाने सोडून दिलेले खेळणे असेल. त्याच्यापाशी तासभर बसून पाहावे. ते आज चालू होईलच असे नाही. एखादा स्क्रू निघाला, आत काय आहे हे कळले, एवढीच आजची प्रगती. ग्लासगोच्या त्या हिवाळ्यात वॅट यांच्या पदरी तरी पहिल्या रात्री याहून अधिक काय पडले असेल?